रक्तातील आणि बोंडातील निवड : जनुकसंचाच्या विविधतेवरून घेतलेला माग

नैसर्गिक निवडीची कल्पना चार्ल्स डार्विनने १८५९ मध्ये मांडली आणि आज ती शालेय पुस्तकांतही सापडते. परंतु माणसासारख्या प्राण्यात ती घडताना पाहणे जवळजवळ अशक्य असते, कारण माणसाची एक पिढी साधारण पंचवीस ते तीस वर्षांची असते आणि निवडीचा परिणाम नजरेत भरण्याइतका साचायला अशा अनेक पिढ्या जाव्या लागतात. एका अभ्यासकाच्या आयुष्यात हे मोजता येत नाही, आणि जे पूर्वज तापाने, उपासमारीने किंवा बाळंतपणात गेले त्यांची नोंद कोणत्याही दफ्तरात नसते. म्हणून गेल्या अर्धशतकात या विषयाच्या अभ्यासकांनी उलट्या दिशेने जाणारी वाट धरली: आज हयात असलेल्यांच्या जनुकसंचात जी विविधता आढळते, तिच्या रचनेवरूनच पूर्वी निवड कुठे, केव्हा आणि किती जोराने झाली असावी याचा माग काढायचा. त्या वाटेची ओळख करून देणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

जनुकसंच म्हणजे एखाद्या जीवाच्या पेशीत असलेला डीएनएचा संपूर्ण मजकूर. माणसात तो सुमारे तीन अब्ज अक्षरांचा असून ही अक्षरे चारच प्रकारची आहेत. नात्यात नसलेल्या कोणत्याही दोन माणसांचे मजकूर ताडून पाहिले तर सरासरी हजार अक्षरांमागे एखादे अक्षर वेगळे निघते, आणि जन्मणारे प्रत्येक मूल आईबापांपैकी कोणाकडेही नसलेले साठ-सत्तर नवे बदल, म्हणजे उत्परिवर्तने, घेऊन येते. यांतील बहुसंख्य बदल ना उपयोगाचे ना अपायाचे असतात आणि पिढ्यापिढ्यांत त्यांचे प्रमाण वाढते किंवा घटते ते निव्वळ योगायोगाने, असे जपानचे मोतो किमुरा यांनी १९६८ मध्ये प्रतिपादन केले. या योगायोगाच्या चढउतारास जनुकीय विचलन म्हणतात. कोणाला किती मुले झाली, त्यांतली किती जगली आणि कोणते गुणसूत्र पुढे गेले या साऱ्यात नशिबाचा वाटा मोठा असतो, आणि समाज जितका लहान तितके हे चढउतार मोठे होतात. एखादा जनुकीय प्रकार एखाद्या समाजात फार आढळला एवढ्यावरून त्याची निवड झाली असे म्हणता येत नाही, हे या शास्त्रातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत जास्त वेळा विसरले जाणारे तत्त्व आहे. प्रमाण हा पुरावा नव्हे. पुरावा असलाच तर तो त्या प्रकाराच्या आजूबाजूच्या अक्षरांत असतो, आणि ती अक्षरे वाचण्यासाठी त्या समाजाच्या सोयरिकी, स्थलांतरे आणि रोगराई यांचा इतिहास ठाऊक असावा लागतो.

हे विवेचन हवेत राहू नये म्हणून त्याला येथे एक ठिकाण दिले आहे. वाशीम जिल्ह्यातील मंगरूळपीर तालुक्यात नागपूर–छत्रपती संभाजीनगर या जुन्या मार्गावर, आणि आता समृद्धी महामार्गालगत, शेलूबाजार हे बाजारगाव आहे. त्याच्या भोवतीची काळी जमीन कापूस, तूर आणि गेल्या काही दशकांत बहुतांशी सोयाबीन पिकवते. त्याच्या पूर्वेकडे यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीचा आणि उत्तरेकडे मेळघाटाचा मुलूख पसरला आहे. या टापूत निवडीची दोन ठळक उदाहरणे एकाच वेळी समोर येतात. एक माणसाच्या रक्तातले, हजारो वर्षांत घडलेले. दुसरे कपाशीच्या बोंडातले, पंधरा वर्षांच्या आत शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत घडलेले. शास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ही उदाहरणे सहसा आफ्रिकेच्या किंवा ॲरिझोनाच्या संदर्भात येतात, म्हणून विदर्भाच्या बाजूने त्यांच्याकडे पाहणे अधिकच आवश्यक वाटते.

आधी पद्धतीविषयी. गुणसूत्रावरची अक्षरे सुटी वारशात येत नाहीत, ती पट्ट्यापट्ट्यांनी येतात. एकाच गुणसूत्रावर शेजारी असून एकत्र वारशाने येणाऱ्या अक्षरांच्या अशा संचाला हॅप्लोटाइप म्हणतात. प्रत्येक पिढीत आईच्या किंवा बापाच्या जोडीतली दोन गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. या क्रियेला पुनर्संयोजन म्हणतात, आणि तिच्यामुळे जुने पट्टे हळूहळू तुटत जातात. नवे उत्परिवर्तन जन्मते ते कोणा एकाच व्यक्तीच्या एकाच गुणसूत्रावर, तिथल्या ठरावीक शेजाऱ्यांच्या संगतीत. ते फायद्याचे असेल आणि झपाट्याने पसरले, तर पुनर्संयोजनाला त्याची संगत तोडायला पुरेसा वेळ मिळत नाही आणि ज्या शेजारी अक्षरांत स्वतःचा कसलाही गुण नाही तीही त्याच्यासोबत सर्वत्र पोहोचतात. जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉन हेग यांनी १९७४ मध्ये गणिताने दाखवलेली ही घटना मराठी वाचकाला ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ या म्हणीने चटकन कळावी. परिणाम असा होतो की निवड झालेल्या जागेभोवतीची विविधता पुसली जाते आणि अनेक माणसांत तोच लांबलचक पट्टा जसाच्या तसा आढळतो. निवड जितकी अलीकडची तितका पट्टा लांब. ढोबळ हिशेबाने, तीनशे पिढ्यांपूर्वी म्हणजे साताठ हजार वर्षांपूर्वी जन्मलेल्या प्रकाराच्या प्रत्येक बाजूला आज सरासरी तीन-साडेतीन लाख अक्षरांचा मूळ पट्टा शिल्लक असावा. तीन हजार पिढ्या लोटल्या असतील तर तो त्याच्या दशांशावर येतो.

या तर्कावर उभ्या असलेल्या कसोट्या बऱ्याच आहेत आणि त्या सर्वांची चर्चा येथे करण्याचे कारण नाही. फुमिओ ताजिमा यांनी १९८९ मध्ये दिलेली कसोटी एकाच तुकड्यातली विविधता दोन रीतींनी मोजते, एकदा बदललेल्या जागा मोजून आणि एकदा माणसांच्या जोड्यांतला सरासरी फरक काढून. दुर्मीळ बदलांचीच गर्दी दिसली तर नुकतीच निवड झाल्याचा संशय येतो आणि मध्यम प्रमाणाचे बदल अधिक दिसले तर दोन्ही प्रकार टिकवून धरणाऱ्या निवडीचा. मात्र लोकसंख्या झपाट्याने वाढली असेल तरी दुर्मीळ बदलांची गर्दी होतेच, हा तिचा मोठा अडथळा आहे. २००२ मध्ये पार्डिस सबेती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पट्ट्याची लांबी हाच आधार धरला: ज्या प्रकाराचे प्रमाण जास्त, त्याचे वय योगायोगाच्या नियमानुसार जास्त असायला हवे आणि पट्टा तोकडा, प्रमाण जास्त असूनही पट्टा लांब असेल तर तो योगायोगापेक्षा वेगाने वर चढला आहे. ही कसोटी त्यांनी ज्यांच्यावर लावून पाहिली त्यांत जी-सिक्स-पीडी या विकराचे जनुक होते. या विकराची कमतरता हिवतापापासून काही संरक्षण देते, आणि तिच्या भारतीय प्रकारांपैकी एक आपल्या कल्याणच्या नावाने जागतिक वाङ्मयात नोंदलेला आहे.

हिवतापाचा उल्लेख येथे ओघाने आला नाही. माणसाच्या जनुकसंचावर ज्ञात रोगांपैकी सर्वांत खोल खुणा कोणी उमटवल्या असतील तर त्या हिवतापाने, आणि त्या खुणांपैकी सर्वांत स्पष्ट खूण विदर्भातील हजारो कुटुंबांच्या रक्तात आहे.

सिकलसेल या विकाराचे पहिले वैद्यकीय वर्णन १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी तो हिमोग्लोबिनच्या रेणूतला दोष असल्याचे दाखवले, आणि १९५६-५७ मध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी तो दोष नेमका कोठे आहे ते काढले. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा ग्लोबिन जनुकात जीएजी या तीन अक्षरांच्या जागी जीटीजी होते. एका अक्षराचा हा फरक, आणि त्यामुळे १४६ दुव्यांच्या प्रथिनसाखळीतला सहावा दुवा ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन होतो. एवढ्याने हिमोग्लोबिनचे रेणू प्राणवायू सोडल्यावर एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतात आणि वाटोळी, लवचिक तांबडी पेशी ताठ होऊन विळ्यासारखी वाकते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडे-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी होते, प्लीहा निकामी होते आणि लहान मुले साध्या जंतुसंसर्गानेही दगावतात. हे घडते ते आई आणि बाप दोघांकडून बदललेले जनुक आले तर. एकाकडूनच आले तर माणूस वाहक असतो आणि सहसा निरोगी आयुष्य जगतो.

इतका घातक प्रकार समाजातून नाहीसा का झाला नाही, हा प्रश्न त्या काळात अनेकांना पडला. रक्तातील असे दोष हिवतापाच्या आश्रयाने टिकत असावेत अशी शंका जे. बी. एस. हॉल्डेन यांनी १९४९ च्या सुमारास थॅलसेमियाच्या संदर्भात मांडली होती. हेच हॉल्डेन १९५७ मध्ये भारतात येऊन कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत रुजू झाले, भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले. सिकलसेलपुरता पुरावा १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतून दिला: वाहकांना फाल्सिपॅरम जातीच्या जीवघेण्या हिवतापापासून लक्षणीय संरक्षण मिळते. भारतात हे जनुक १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळले, आणि १९५८ मध्ये नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातील वाहकांचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दिला.

येथे एक हिशेब सविस्तर मांडणे इष्ट आहे, कारण निवडीचा जोर मोजणे म्हणजे काय हे त्याशिवाय उमगत नाही. हिवतापाच्या मुलखात तीन प्रकारची मुले जन्मतात असे समजावे: दोन्ही जनुके साधी असलेली, वाहक, आणि दोन्ही जनुके बदललेली. वाहक सर्वांत जास्त तगतात. साध्या जनुकांची काही मुले हिवतापाने जातात. तिसऱ्या गटातील मुले उपचारांअभावी बहुधा वयात येण्याआधीच जातात. अशा स्थितीत बदललेल्या जनुकाचे प्रमाण वाढत वाढत एका जागी येऊन थांबते, आणि ती जागा दोन्ही बाजूंच्या हानीच्या गुणोत्तरावर ठरते. तिसऱ्या गटातले कोणीच वाचत नाही असे धरले आणि साध्या जनुकांच्या मुलांपैकी सुमारे अकरा टक्के हिवतापाने कमी होत असतील, तर बदललेले जनुक दर शंभर गुणसूत्रांत दहांवर स्थिरावते. म्हणजे शंभर जन्मांत अठरा वाहक, एक रुग्ण आणि एक्याऐंशी साधे. एका रुग्णाच्या वेदनेच्या बदल्यात अठरा जणांचे संरक्षण, असा हा निष्ठुर व्यवहार आहे, आणि तो कोणी ठरवून केलेला नाही. या प्रकारच्या निवडीला संतुलनकारी निवड म्हणतात.

महाराष्ट्रातील पाहण्यांत भिल्ल, पावरा, माडिया, परधान अशा काही जमातींत वाहकांचे प्रमाण वीस ते पस्तीस टक्के आढळले आहे. बत्तीस टक्के वाहक याचा अर्थ दर पाच गुणसूत्रांत एक बदललेले. वरच्या हिशेबात हा आकडा बसवला तर हिवतापाने साध्या जनुकांच्या चौथ्या हिश्शाची मुले गेली असली पाहिजेत, आणि हे मानणे जड जाते. पण रुग्णांपैकी निम्मे तरी मोठे होऊन संततीपर्यंत पोहोचत असतील तर हिवतापाची हानी साडेबारा टक्के असली तरी पुरते. दुसरी शक्यता खरी असण्याला एक जैविक आधार आहे. विदर्भ, ओडिशा, गुजरात, निलगिरी आणि सौदी अरेबियाचा पूर्व भाग येथील सिकलसेल जनुक ज्या पट्ट्यावर बसले आहे तो आफ्रिकेतील चार मुख्य पट्ट्यांहून वेगळा असून त्याला अरब-भारतीय हॅप्लोटाइप म्हणतात. ए. ई. कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये त्याची पाहणी प्रसिद्ध केली. या पट्ट्यावर गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन जन्मानंतरही बऱ्याच प्रमाणात बनत ठेवणारा एक बदल शेजारीच आहे, आणि गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पेशीला विळ्याचा आकार येऊ देत नाही. म्हणजे येथे घातक अक्षरासोबत त्याची धार बोथट करणारे अक्षरही चालून आले. ब्रिटन आणि अमेरिकेत २०२३ च्या अखेरीस मान्यता मिळालेला जनुकसंपादनाचा उपचार नेमके हेच साधतो: रुग्णाच्या पेशींत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो.

तथापि या पट्ट्यामुळे भारतातला सिकलसेल सौम्यच असतो अशी जी समजूत पसरली, ती विदर्भातील रुग्णांना महागात पडणारी आहे. तोच पट्टा असूनही नागपूरकडील रुग्णांचा आजार गुजरातमधील वलसाडच्या आदिवासी रुग्णांपेक्षा अधिक तीव्र आढळतो, कारण वलसाडकडील जमातींत अल्फा थॅलसेमिया हा दुसरा एक बदल फार मोठ्या प्रमाणावर आहे आणि तो सिकलसेलची तीव्रता कमी करतो. एकाच जनुकाकडे पाहून रुग्णाचे भवितव्य सांगता येत नाही, हे वैद्यकातले शहाणपण येथे जनुकशास्त्रानेही पटवले आहे.

आता मूळ प्रश्न. विदर्भात हे जनुक गोंड आणि परधानांत आहे, बौद्ध समाजात आहे, कुणबी आणि तेली समाजांतही आहे. या समाजांत आपापसांत सोयरिकी होत नाहीत, निदान गेल्या अनेक पिढ्यांत झाल्या नाहीत. तरी पट्टा एकच. जनुक भारतात एकदाच उगवले आणि जमाती एकमेकींपासून दुरावण्याआधी ते त्यांच्या समान पूर्वजांत होते, असा निष्कर्ष १९८९ मध्ये डॉमिनिक लाबी आणि सहकाऱ्यांनी भारतीय आदिवासींच्या नमुन्यांवरून काढला. उलटपक्षी, भिंती उभ्या राहिल्यानंतरही अधूनमधून झालेल्या संबंधांतून ते पलीकडे गेले आणि हिवतापाने तिथे त्याला वाढवले, हेही तितकेच शक्य आहे. निवड जोरदार असेल तर शतकातून एखाद-दुसरे मिश्रणही पुरते. २०१८ मध्ये डॅनियल श्रायनर आणि चार्ल्स रोतिमी यांनी मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या संपूर्ण जनुकसंचांचे वाचन करून, सिकलसेल जनुक जगात एकदाच, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी उगवले असावे असे मत मांडले. ते मान्य केले तर अरब-भारतीय पट्ट्याचा स्वतंत्र जन्म रद्द होतो आणि आफ्रिकेतून आलेल्या जनुकाने येथे नवे शेजारी मिळवले असे म्हणावे लागते. बीटा ग्लोबिन जनुकालगतच पुनर्संयोजन वारंवार होणारी एक जागा आहे, त्यामुळे शेजारी बदलण्याची कल्पना अगदीच ओढूनताणून आणलेली नाही. या दोन मतांतला निवाडा विदर्भाच्या नमुन्यांवाचून होणार नाही.

निवड आणि योगायोग यांची गल्लत होण्याचा धोका भारतात इतरत्र नसेल इतका मोठा आहे, आणि त्याचे कारण जात. इरावती कर्वे यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजात राहून जातींच्या शारीरिक मापनाचे जे काम केले, त्याचे मोल आज जनुकसंचाच्या काळात नव्याने ध्यानात येते. कैलाश मल्होत्रा यांच्यासह १९६८ मध्ये त्यांनी महाराष्ट्रातील समान दर्जाच्या आठ अंतर्विवाही गटांची जैविक तुलना प्रसिद्ध केली आणि एका नावाखाली मोडणारे गट आतून एक असतातच असे नाही, हा प्रश्न मोजमापाच्या पातळीवर आणला. पुढे २००९ मध्ये डेव्हिड राइक, कुमारसामी थंगराज, लालजी सिंग प्रभृतींनी भारतीय समाजांच्या जनुकसंचातून दाखवले की अनेक गट थोडक्या पूर्वजांपासून वाढलेले असून नंतर बंदिस्त राहिले. २०१३ च्या अभ्यासात या समाजांच्या पूर्वजांमधील मिश्रणाचा काळ सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीचा ठरला. त्यानंतर सोयरिकीची दारे मिटत गेली. २०१७ मध्ये २६३ गटांची पाहणी झाली तेव्हा त्यांपैकी ८१ गटांत संस्थापकांचा प्रभाव फिनलंडच्या लोकांपेक्षा आणि अश्केनाझी यहुद्यांपेक्षाही तीव्र निघाला.

याचा व्यावहारिक अर्थ आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजाच्या उदाहरणाने स्पष्ट होतो. शस्त्रक्रियेत स्नायू सैल करण्यासाठी दिले जाणारे एक औषध शरीरातून लवकर न उतरण्याचा जनुकीय दोष या समाजात इतरांपेक्षा कितीतरी अधिक आहे. त्या दोषाने पूर्वजांना काही लाभ झाला होता अशी कथा रचणे सोपे आहे, पण तशी गरज नाही. मोजक्या संस्थापकांपैकी कोणाकडे तो होता आणि शंभर पिढ्या विवाह आतल्या आत झाले, एवढे कारण पुरेसे आहे. सिकलसेलचे तसे नाही. ते एका जातीत नसून एका भूप्रदेशात आहे. सातपुड्यात आणि पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, जिथे हिवताप पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून होता तिथे ते दाट आहे, आणि सह्याद्रीतील कातकरी, ठाकूर, वारली, महादेव कोळी यांच्यात विरळ. योगायोगाने एका गटात एखादे जनुक वाढू शकते. एकमेकांशी फटकून राहणाऱ्या अनेक गटांत, एकाच रोगाच्या नकाशाबरहुकूम, तेच जनुक वाढवणे योगायोगाला साधत नाही.

पुण्याशी संबंधित आणखी एका संशोधनाचा उल्लेख थोडक्यात केला पाहिजे, कारण वर्तमानपत्रांनी त्याला ‘शाकाहारी जनुक’ असे नाव देऊन टाकले. कॉर्नेल विद्यापीठातील आणि पुण्यातील संशोधकांनी २०१६ मध्ये एफएडीएस-टू या जनुकाजवळील बावीस अक्षरांच्या एका जादा तुकड्याची तपासणी प्रसिद्ध केली. या तुकड्यामुळे वनस्पतीज स्निग्धाम्लांपासून शरीराला आवश्यक असलेली लांब साखळीची स्निग्धाम्ले अधिक बनतात. मुख्यतः शाकाहारी अशा २३४ भारतीयांपैकी ६८ टक्क्यांत आणि ३११ अमेरिकनांपैकी १८ टक्क्यांत या तुकड्याच्या दोन्ही प्रती आढळल्या, आणि पट्ट्यांच्या कसोट्यांतूनही निवडीचा इशारा मिळाला. निष्कर्ष वजनदार आहे. पण तोच तुकडा मांसाहारी आफ्रिकी समाजांतही विपुल आहे, त्यामुळे त्याचे श्रेय भारतीय शाकाहाराच्या परंपरेला देण्याआधी थांबणे बरे. आहाराची सवय काही शतकांची असू शकते. जनुकसंचातला पट्टा त्याहून फार जुना असतो.

बोंडअळीचे उदाहरण या सर्वांहून वेगळे, आणि शेलूबाजारच्या वाचकाला सर्वांत परिचयाचे. गुलाबी बोंडअळीचे शास्त्रीय वर्णन डब्ल्यू. डब्ल्यू. सॉन्डर्स यांनी १८४३ मध्ये केले ते भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून, म्हणजे कीड इथलीच आणि जुनी. मार्च २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली. या कपाशीत एका जीवाणूचे जनुक घातलेले असते आणि त्यातून बनणारे विष अळीच्या आतड्यातील कॅढेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटून तिला मारते. २००६ मध्ये दोन विषांचे वाण आले. दशक संपण्यापूर्वीच गुजरातच्या अमरेली भागात पहिल्या विषाला दाद न देणाऱ्या अळ्या सापडल्या, २०१४ च्या सुमारास दुसरे विषही निष्प्रभ होऊ लागले, आणि २०१७ च्या हंगामात विदर्भाच्या शेतांत डोमकळ्या आणि किडकी बोंडे यांखेरीज काही उरले नाही अशी अवस्था अनेक गावांनी पाहिली. वर्षाकाठी चार-पाच पिढ्या करणाऱ्या किडीला हे करायला चाळीस-पन्नास पिढ्याच लागल्या. माणसाच्या हिशेबात ती हजार वर्षे झाली असती.

या अळ्यांच्या जनुकसंचात काय सापडावे? एकाच पूर्वज अळीत कॅढेरिनचे जनुक बिघडले आणि तिची संतती देशभर पसरली असती, तर सर्व प्रतिकारक्षम अळ्यांत एकच पट्टा मिळाला असता. २०१४ मध्ये जेफ्री फॅब्रिक, ब्रूस टॅबॅश्निक आणि सहकाऱ्यांनी भारतातील सात ठिकाणच्या ४३६ अळ्या तपासल्या तेव्हा ॲरिझोनाच्या प्रयोगशाळेत ठाऊक असलेल्या चार बिघाडांपैकी एकही त्यांत नव्हता. त्याऐवजी भारतीय अळ्यांत त्याच जनुकाचे आठ नवे, निरनिराळे बिघाड मिळाले. कुलूप एकच, पण ते आठ वेगवेगळ्या जागी मोडलेले. अशा निवडीला मृदू निवड म्हणतात: अनेक उत्परिवर्तने समांतरपणे वर येतात, प्रत्येकासोबत त्याचे वेगळे शेजारी येतात आणि त्यामुळे विविधता पुसली जातच नाही. लांब पट्टा शोधणाऱ्या कसोटीला येथे जवळजवळ काहीच दिसणार नाही, जरी निवड सिकलसेलपेक्षा कैकपट जोरदार होती. खूण मिळाली नाही म्हणून निवड झालीच नाही असे समजण्याची चूक टाळायची असेल तर हे उदाहरण मनात पक्के असावे.

निवड इतकी जोरदार का झाली, याचे उत्तर शेतीच्या पद्धतीत आहे. प्रतिकारासाठी बिघडलेली दोन्ही जनुके लागतात. म्हणून बीटीच्या कडेने साधी कपाशी लावली तर तिथले साधे पतंग विरळा प्रतिकारक पतंगांशी जुगतात आणि त्यांची पिल्ले बीटी बोंडात मरतात. ॲरिझोनात ही शिस्त पाळली गेली, पुढे वंध्य पतंग सोडण्याची जोड मिळाली आणि अमेरिकेने २०१८ मध्ये आपल्या कापूसपट्ट्यातून ही कीड हद्दपार झाल्याचे जाहीर केले. येथे पाकिटासोबत मिळणारे बिगर-बीटी बियाणे बहुधा पेरलेच गेले नाही, आणि चार-सहा एकरांच्या शेतकऱ्याने पाच ओळी किडीसाठी सोडाव्यात ही अपेक्षाही त्याच्या अर्थकारणाचा विचार न करता ठेवली गेली. शिवाय येथील वाण संकरित असल्याने एकाच बोंडातील काही सरकीत विष असते तर काहीत नसते, आणि पऱ्हाटी उपटून न टाकता फरदड घेतल्याने अळीला उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत अन्न मिळत राहते. हिवतापाने माणसावर केले तेच बीटीने अळीवर केले, फक्त कोणतीही मोकळीक न देता.

मोकळीक मिळाली की काय होते, तेही रक्तात पाहता येते. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी हिवतापाचे रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असल्याचा अंदाज होता. १९५३ पासूनच्या डीडीटी फवारणीच्या मोहिमेने १९६५ पर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या घरात आली आणि नंतर ती पुन्हा उसळली तरी पूर्वीच्या उंचीवर गेली नाही. वाहकांना मिळणारा लाभ त्यामुळे बहुतांशी संपला आहे, जनुक मात्र तिथेच आहे. हिवताप पूर्णपणे गेला आणि रुग्णांना कोणतेच उपचार मिळाले नाहीत असे धरले तरी शंभरात दहा हे प्रमाण पाचावर यायला दहा पिढ्या, म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षे लागतात. उपचार मिळू लागले की त्याहूनही जास्त. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेने चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे आणि २०४७ पर्यंत हा विकार संपवण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. जनुक त्या मुदतीत संपणार नाही. संपू शकते ते अज्ञान, उशिरा होणारे निदान आणि वाहक मुलीचे लग्न मोडण्याची रीत. वाहक असणे हा कोणत्याही घराण्याचा कलंक नाही. त्या घराण्यातले पूर्वज हिवतापाच्या मुलखात तगून राहिले याची ती नोंद आहे.

‘जीनोम इंडिया’ प्रकल्पात सुमारे दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांचे वाचन झाले असून त्याची विदा जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांसाठी खुली झाली. अशा साठ्यांवर या ग्रंथातील कसोट्या आता इथल्या विद्यापीठांतही लावता येतील. त्यात सर्वांत आधी हाती घेण्याजोगा प्रश्न विदर्भाचा आहे: गोंड, माडिया, बौद्ध, कुणबी आणि तेली वाहकांच्या अकराव्या गुणसूत्रावर बीटा ग्लोबिनच्या दोन्ही बाजूंना तोच पट्टा नेमका किती लाख अक्षरांपर्यंत अखंड राहतो, आणि ती लांबी सर्वांत सारखीच आहे की एखाद्या समाजात ठळकपणे जास्त. सारखी निघाली तर जनुक त्या भिंतींच्या आधीचे. एका समाजात जास्त निघाली तर ते तिथे नंतर, आणि कोठून तरी पलीकडून, आलेले.